जोखीम नाही, असं लिही म्हणालीस

अक्का, सोमवारी खुशीचे पप्पा येताहेत आणि तू नाहीस.

हे बरं केलं नाहीस. मेल्या माणसाला असं बोलू नये म्हणे, आपल्या गटातली शकूताई मला दटावत होती, दहावं तरी होऊ दे मग भांड. झालं दहावं. पांझरेच्या काठावर कावळा शिवला, पटकन शिवला, तुझा पुतण्या म्हणाला अक्काची काही इच्छा राहिली नाही बघा. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. कशी राहिली नाही? मला शब्द दिला होता तिने. पहिले दोन महिने तुझ्या खोलीत येऊन राहते, दाराशी माझी गोधडी टाकते, असं म्हणाली होती. मग कावळा शिवला कसा? त्याला कोणी सांगितलंच नसेल.

संस्थेच्या मॅडमचा मेसेज आला पुण्याहून. त्यांना दुःख झालंय. त्यांच्या पुस्तिकेत तुझ्यावर छापायचंय, तर गटातल्या कोणी चार शब्द लिहा, प्रेरणादायी लिहा, सोबत फोटो द्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण आठवीपर्यंत मीच गेलेली, पास नाही झाले ते सोड. म्हणून हे लिहितेय, गटाच्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर. प्रेरणादायी होणार नाही. खुशी बालवाडीत गेलीय, मेसच्या पोळ्या लाटून आलेय, तिला आणायला जायच्या आत लिहून झालं पाहिजे म्हणून जसं येतंय तसं लिहितेय.

तुला आठवतं का मी तुला पहिल्यांदा कुठं भेटले. त्या हॉस्पिटलच्या फाटकाशी. गल्लीतली माणसं त्याला वेड्यांचं हॉस्पिटल म्हणायची, तू म्हणायचीस मनाचा दवाखाना म्हन. मी फाटकाबाहेर दगडावर बसले होते, खुशी तेव्हा दोन वर्षांची मांडीवर, एसटीत ओकलेली, माझ्या लुगड्याला वास. आत जायचं धाडस होत नव्हतं. तू आलीस पिशवी घेऊन, म्हणालीस, "कोनले भेटाले उनी वं पोरी?" मी म्हटलं खुशीच्या पप्पांना. तू विचारलं नाहीस की काय केलं त्यांनी. तू पहिली होतीस जिने विचारलं नाही. म्हणालीस, "चल, मी शे ना." मी आहे ना, एवढंच. आणि माझ्या हातातून खुशी घेतलीस, ओकलेली, तशीच कडेवर.

बाकी सगळ्यांनी विचारलं. आता छापणारच आहेत तर इथं एकदाच लिहिते, नाव लिहीत नाही. भडगावकडच्या आमच्या गावात, घरामागच्या अंगणात, खुशीच्या पप्पांनी स्वतःच्या बापाला पहारीने मारलं. माझ्या सासऱ्यांना. सासरे तिथंच गेले. त्याच्या आधी चार महिने खुशीचे पप्पा नरडाण्याच्या कंपनीत कामाला होते, तिथं त्यांना ऐकू यायला लागलं, मशीनमधून कोणीतरी बोलतं, तुझा बाप तुझा बाप नाही म्हणतं. आम्ही भगताकडे नेलं, दर्ग्यावर नेलं, लिंबू उतरवले. डॉक्टरकडे न्यायचं कोणाला सुचलं नाही, आम्हाला काय माहीत डोक्याच्या आत ऐकू येण्याचाही डॉक्टर असतो. मग ते झालं. मग कोर्ट म्हणालं हा माणूस तेव्हा भानावर नव्हता, याला तुरुंग नाही, दवाखाना.

आणि जेठ, त्यांचे थोरले भाऊ, म्हणाले, "तो मेला आमच्यासाठी. आबांसंगे तो पण गेला असं समज."

खरंच तसंच समजले. त्या श्रावणात कानबाई देवी बसली घरात. रोटाला, म्हणजे तिच्या नैवेद्याला, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, सासूबाई काढत होत्या, जेठांच्या नावाची, त्यांच्या मोठ्या पोराची, धाकट्याची, तो तर पाळण्यात होता, त्याचीही काढली. मी दारात उभी. मग त्यांनी सूप झाकून ठेवलं. मी खुशीला घेतलं आणि धुळ्याला आले, देवपुरात.

हे मी तुला सांगितलं तर तू काय केलंस! पुढच्या श्रावणात तुझ्या घरच्या कानबाईला तू गटातल्या सगळ्यांच्या माणसांच्या नावाने मूठ काढलीस. सात जण. एक जेलात, चार दवाखान्यात, दोन घरी आलेले. रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही, हे लहान पोराला पण माहीत, आणि तू आम्हाला ओट्यावर बसवून खाऊ घातलेस. तुझी भाऊबंदकी त्या दिवसापासून तुझ्या दारात आली नाही. पुतण्या एकटा आला तो तुला पोचवायला आला. मी तेव्हा म्हटलं अक्का तू हे कशाला केलं, तुझं तुटलं ना. तू म्हणालीस, "तुटनं ते तुटनं. रोट कसा लागना ते सांग." गोड लागला होता. कमी भाजला होता पण मी सांगितलं नव्हतं.

तुला फार चांगली करायला नकोय मला. तशी तू नव्हतीस.

गल्लीत आपल्या गटाला मर्डरवाल्यांची भिशी म्हणायचे ना, तुला हसू यायचं. मला यायचं नाही. तू हसत सांगायचीस त्या पिठाच्या गिरणीवाल्याला, "मग तू पन ये ना, तुन्हा नंबर लावू का?" तुला काय, तुझ्या घरी कोणी नव्हतं. सिव्हिलमध्ये आया म्हणून राबलीस, तिथं तुला कळलं की अशी माणसं बरी झाली तरी न्यायला कोणी येत नाही, बऱ्या माणसाला तिथंच ठेवून ठेवून पुन्हा बिघडवतात, म्हणून तू हे सुरू केलं. पण रात्रभर कोणाच्या शेजारी तुला झोपायचं नव्हतं. हे मी तुला कधी बोलले नाही. आता बोलतेय.

आणि तो फॉर्म.

संस्था छोट्या गटांना मदत देते असं तुला कोणीतरी सांगितलं. तू म्हणालीस घेऊ, भेटायला जायला एसटीचं भाडं होईल, रविवारी चहापोहे होतील, आणि एक फोन घेऊ, गटाचा फोन, कोणत्याही बाईने केव्हाही करावा. तुझे डोळे कमी म्हणून मी लिहायला बसले. तुझ्या ओट्यावर, खुशी तुझ्या पाठीवर चढलेली. गटाचं नाव, गाव, किती बायका, काय काम. सगळं लिहिलं. मग प्रश्न आला, तुमच्या कामात कोणती जोखीम आहे? मी वाचून दाखवला. जोखीम म्हणजे काय ते तू विचारलंस, मी म्हटलं धोका. तू विचार पण केला नाहीस.

"लिही, जोखीम नही."

मी पेन धरून बसले. म्हटलं, "अक्का, नाही कसं लिहू?"

"मंग काय लिहशी? धोका शे लिहं तर ते मदत देतीन? कोर्टवाले सोडतीन? बठ्ठी दारं बंद होतीन पोरी. भ्याव आपलं शे, ते कागदले कसाले सांगानं?"

मी लिहिलं, जोखीम नाही. अक्षर वाकडं आलं, तू म्हणालीस नीट काढ, पुण्याला जायचंय.

तेव्हा तू मला एकदा विचारायला हवं होतंस. फॉर्मसाठी नाही, तसंच. पोरी तुला भ्याव वाटतं का? तीन वर्षांत नाही विचारलंस. सगळं विचारलं, जेवली का, खुशीची लस झाली का, त्यांनी गोळी लिधी का, हे कधीच नाही. आणि तू विचारत नाहीस म्हणजे वाटायलाच नको असं मी धरून चालले. गटात सगळ्या म्हणायच्या आपली माणसं आजारी आहेत, गुन्हेगार नाहीत, मी पण म्हणायचे, सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणायचे.

मदत आली. फोन आला, सतरंजी आली, त्यावर संस्थेचं नाव छापलेलं. मग मॅडम तपासायला आल्या. रजिस्टर उघडलं. एका रकान्यात लिहायचं होतं, सेवा घेणाऱ्याचं नाव. मॅडमनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खुशीचे पप्पा. आमचे मालक. गणूचे बाबा. हे. शकूताईने नुसतं लिहिलं होतं, ते.

"हे 'ते' म्हणजे कोण?" मॅडम म्हणाल्या.

"ते म्हणजे ते," शकूताई म्हणाली.

"अहो पण नाव?"

"नाव कसं घेऊ मॅडम, नवरा आहे."

आपण सगळ्या किती हसलो. मॅडम पण हसल्या, पण म्हणाल्या असं चालणार नाही, वर विचारतील ही माणसं आहेत तरी का. हप्ता अडवीन म्हणाल्या. तर तू डोकं लावलंस. "आपल्या नवऱ्याचं नाव तोंडात येत नही ना, मग दुसरीना नवऱ्याचं लिहा. मी सांगस तिन्हं लिहाचं." मग शकूताईने माझ्या नवऱ्याचं लिहिलं, मी तिच्या नवऱ्याचं. ती म्हणाली, "माझ्या माणसाचं नाव झोकदार काढ वं, तसंही जन्मात कोणी त्याचं नाव चांगलं घेतलं नाही." पण जिने जे नाव लिहिलं तिनेच त्या नावासमोर सही पण केली. पुस्तिका छापून आली तर त्यात शकूताई माझ्या नवऱ्याची बायको. अजून पुण्यात ती माझी सवत आहे. तू मरायच्या आदल्या रविवारी पण तिला सवत म्हणून हाक मारलीस, ती म्हणाली मग खुशीचे पप्पा आले की पहिले माझ्याकडे येणार, आणि मी हसले. मी हसले आणि मला वाटलं, ने. खरंच ने. दोन महिने ने.

हे तुला कळलं होतं का? तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा. मग म्हणालीस, "मी ऱ्हासू ना तुन्हासंगे. दाराशी गोधडी टाकसू." न विचारता उत्तर दिलंस. म्हणजे कळलं होतं तुला. पहिल्यापासून कळलं होतं आणि तरी विचारलं नाहीस.

आता मी तुला एक सांगते, ते तू जिवंत असताना सांगायचं होतं. शंभर वेळा तोंडाशी आलं.

त्या दिवशी अंगणात ते झालं तेव्हा मी मोरीत होते, खुशीला कडेवर घेऊन, दाराला कडी. फटीतून दिसलं. मग आवाज थांबला. मग त्यांनी हात धुतले, रांजणातून तांब्याने पाणी घेऊन, सावकाश, कोपरापर्यंत, शेतातून आल्यावर धुतात तसे. पायजमा झटकला. मोरीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "चहा ठेव." ओरडून नाही, रोजच्यासारखंच.

आणि मी कडी काढली आणि चहा ठेवला. अक्का, मी चहा ठेवला. आबा अंगणात होते आणि मी साखर घातली, आलं ठेचलं. का ठेवला मला माहीत नाही. त्यांनी बशीत ओतून प्यायला. मग माणसं आली.

पोलिसांना मी सांगितलं मी बेशुद्ध होते.

हे मी तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? मी शे ना म्हणाली असतीस. ते मला नको होतं. पण कोणीतरी ऐकायला तर हवं होतं ना.

ते आता तसे नाहीत, मला माहीत आहे. तूही बघितलंस. गोळ्यांनी सुजलेत, हात थरथरतो, कागदाची पाकिटं बनवतात तिथं, एक पाकीट खुशीसाठी दिलं होतं फुलाचं चित्र काढून. त्यांना सगळं आठवतं. मागच्या भेटीत म्हणाले, आबांच्या पायात त्या दिवशी नवीन चप्पल होती, आणि खाली मान घालून बसले, भेटीची वेळ संपेपर्यंत. मला त्यांची दया येते, इतकी येते की एसटीत परत येताना रडू थांबत नाही. आणि भीतीही वाटते. दोन्ही एकाच वेळी वाटतं. असं वाटायची सोय कुठं नाही, गटात नाही, कोर्टात नाही, फॉर्मवर तर नाहीच.

त्यांच्या सुटकेच्या हमीपत्रावर तू सही करणार होतीस. जेठ तयार नव्हते, माझा बाप तयार नव्हता, तू म्हणालीस मी करते, कागद तयार झाला, तारीख मिळाली. आणि तू भाजी निवडता निवडता ओट्यावरच कलंडलीस. डॉक्टर म्हणाले प्रेशर. तुझ्या घरी गेलो तर कोनाड्यात गोळ्यांची पाकिटं, एक पण फोडलेलं नाही. रोज संध्याकाळी सुटून आलेल्यांच्या घरी फोन करून गोळी लिधी का, गोळी लिधी का, आणि स्वतःच्या तशाच. विचारलं की म्हणायचीस मले काय धाड भरनी. तुझ्या अंगाच्या फॉर्मवर पण तू तेच लिहून ठेवलं होतंस, जोखीम नही. माझं तिथं डोकं फिरलं. मी तुझ्या प्रेताला हात पण लावला नाही. शकूताईला वाटलं दुःखाने. दुःखाने नाही. रागाने.

तर काल मी एकटी गेले कोर्टात. फुकटचे मिळालेले वकील होते, पोरगाच आहे, चांगला आहे. ते म्हणाले पत्नी म्हणून तुम्ही हमी देऊ शकता, नाहीतर पुढची तारीख, ती कधी मिळेल सांगता येत नाही, तोवर ते तिथंच. बाबूने कागद पुढे ओढला. म्हणाला, "नवऱ्याचं नाव?"

मी आधार कार्ड पुढे केलं.

"तोंडाने सांगा बाई."

दर वेळी तू सांगायचीस. मी मागे उभी राहायचे आणि तू ठणठणीत आवाजात पूर्ण नाव सांगायचीस, बापाच्या नावासकट. काल मी सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा. मधलं नाव आलं तिथं अडकले, कारण ते आबांचं नाव. मग तेही घेतलं.

मग आत नेलं. साहेबांनी कागद बघितला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता. विचारलं, "तुम्हाला किंवा मुलीला त्यांच्यापासून काही भीती वाटते का?"

अक्का, विचारलं. तू तीन वर्षांत विचारलं नाहीस ते त्या परक्या माणसाने विचारलं. माझ्या तोंडात हो आलं होतं, अगदी ओठावर. वकील माझ्याकडे बघत होते, डोळ्याने नको नको करत होते. आणि मला दिसलं, हो म्हटलं की काय होणार. साहेब म्हणणार, मग राहू द्या तिकडेच. नाही म्हटलं की म्हणणार, घेऊन जा. हो, भीती वाटते, तरी त्यांना येऊ द्या, पण आमच्यासोबत कोणीतरी द्या, असं तिसरं काही त्यांच्या कागदावर नाही. तिसरं म्हणजे तू होतीस. तू आणि तुझी ती गोधडी.

मी म्हटलं, "नाही साहेब."

नीट म्हटलं. तुला आवडलं असतं, अक्षर काढल्यासारखं म्हटलं. सही केली. बाहेर आले आणि जिन्यावर बसले, आणि तुला इतक्या शिव्या दिल्या, मनातल्या मनात, की तू दहाव्याआधी ऐकल्या असत्यास तर कावळा शिवला नसता. मग कळलं की तू त्या दिवशी ओट्यावर मला हेच शिकवत होतीस. खोटं बोलायला शिकवलंस आणि खोट्यामागे उभी राहायला स्वतः येणार होतीस. अर्धंच शिकवून गेलीस.

तुझा पुतण्या गटाचा फोन आणि रजिस्टर मला देऊन गेला. म्हणाला तुम्हीच ठेवा, मला नको हे लफडं. फोन मी पिठाच्या डब्यावर ठेवलाय. मघाशी, हे लिहीतच होते, तेव्हा वाजला.

बाई होती, नरडाण्याकडची. आवाजावरून माझ्यापेक्षा मोठी. "अक्का बोलताय का?" म्हणाली. मी सांगितलं अक्का गेली. मला वाटलं आता फोन ठेवेल. मग हळूच म्हणाली, "मग कोणाला बोलू? माझा भाऊ सुटतोय. सगळे म्हणतात बरा झाला. बरा झालाय. पण मला भीती वाटते हो."

तोंडात तुझंच आलं. घाबरू नको, मी शे ना. इतकी वर्षं ऐकलेलं, पाठच झालेलं. मी ते म्हटलं नाही.

मी म्हटलं, "मलाही वाटते. माझे सोमवारी येताहेत."

तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "तुमच्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही. एक लेक आहे, पाच वर्षांची."

"सोमवारी मी येऊ का?" ती म्हणाली. "दोन-चार दिवस राहीन. मग माझा सुटला की तुम्ही या."

मी हो म्हटलं. पत्ता सांगितला, देवपूर, मेसच्या मागची खोली. दाराशी तुझी गोधडी धुऊन वाळत घातलीय, ती पुतण्याकडून मी मागून आणली, लाज सोडून.

बघू आता. तूही येते म्हणाली होतीस.